तीन किलोमीटर परदेश

माझे लातूरचे घरमालक परदेशात राहत. हे माझं म्हणणं नाही, त्यांचं. खोली बघायला गेलो तेव्हा मी अजून चपला काढतोय तोवर त्यांनी सांगून टाकलं, "सर, आपण परदेशी माणूस. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

मी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. धोतर, कोपरी, कपाळाला विभूतीचे पट्टे आणि हातात अर्धा चिरलेला दोडका. म्हटलं, "कोणत्या देशातले म्हणायचे तुम्ही?"

"किल्लारीच्या पलीकडं आमचं गाव. भूकंपात गेलं. मंग नवं गाव बांधून दिलं, तितं राह्यला गेलो. तवापासून परदेशात हाय."

"नवं गाव जुन्यापासून किती लांब आहे?"

"लई लांब. तीन किलोमीटर."

आता मी पडलो भौतिकशास्त्र शिकवणारा. तीन किलोमीटर म्हणजे किती हे मला कुणी सांगायला नको. धर्माबादला आमच्या घरापासून स्टेशनला जाऊन परत आलं की तेवढं होतं, आणि आमच्या वडिलांनी त्यासाठी कधी स्वतःला परदेशी म्हणवून घेतलेलं नाही. मी जरा खवचटपणे म्हटलं, "मग लातूर तर आणखी लांब झालं की!"

"ते मोजायचं न्हाई," ते म्हणाले. "लातूरला मी माझ्या मनानं आलो, पोरीच्या शाळंसाठी. मनानं आलेलं परदेशात धरत न्हाईत."

हा नियम त्यांनी कुठून काढला देव जाणे. मी वाद घालणार होतो, पण खोलीला खिडकी होती. लातुरात तेव्हा दर चौथ्या घरावर क्लासची पाटी आणि उरलेल्या तीन घरांवर 'रूम भाड्याने देणे आहे' अशी अवस्था. त्या खोल्यांत पोरं कोंबलेली, आणि खिडकी म्हणजे चैन. मी हो म्हटलं. मग त्यांनी माझं गाव विचारलं. धर्माबाद म्हटल्यावर डोळे बारीक केले. "तितं तेलुगू बोलतेत म्हणं?"

"बोलतात."

"अगं, च्या टाक!" ते आत बघून ओरडले. "सर बी परदेशीच निघाले. आपल्यातलेच हायत."

सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या बायकोला काकू. पोरगी केव्हाच सासरी गेलेली; खाली ते दोघं, वर बारा पोरं आणि मी. पोरं आमच्याच क्लासची, म्हणजे दिवसभर माझ्यासमोर बसून संध्याकाळी माझ्याच डोक्यावर नाचणारी. वर्गात मात्र मला टरकून असत. माझ्या तासाला कुणाचं पेन खाली पडलं तरी तो पेन उचलून थेट बाहेर जाऊन उभा राहायचा, मला सांगावंच लागत नसे. मी कडक होतो. आणि मला कविता आवडत नसत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता कविता येणार आहेत.

आप्पा कवी होते. विषय एकच, परदेशी जाणं. कोणीही, कशातूनही, कुठंही गेलं की आप्पांना कविता होई. माणसंच पाहिजेत असं नाही. एकदा बाजारातून केळी आणली, केळीवाला म्हणाला अर्धापूरचा माल आहे, थेट अरबस्तानात जातो. झालं. घरी येईपर्यंत कविता तयार:

अर्धापूरचं केळं निघालं परदेशाला,
खोक्यात बसून म्हणतंय, काय हुईल देठाला?
हिरवं गेलं, पिवळं झालं, वळखंना आईला,
सोलून बघा, आतून तेच, सांगा त्या बाईला!

ती बाई कोण, हे मी विचारलं होतं. "अरबस्तानातली," आप्पा म्हणाले. "तिला बी कळू द्या की." माझ्या खोलीतला पंखा हैदराबादहून आलेला होता. त्याच्यावरही होती:

हैदराबादचा पंखा आला लातूरच्या छताला,
फिर फिर फिरतोय बिचारा, पोचंना गावाला.

अहो, ही ऐकल्यावर मला आठ दिवस त्या पंख्याखाली झोप लागेना. वर बघितलं की वाटायचं, काय याची दशा.

आता कुणी म्हणेल, नावडत होत्या तर ऐकायच्या कशाला? लातूरला राहिलेला माणूस हे विचारणार नाही. पाणी! नळाला पाणी आलं तर आलं, नाहीतर आप्पांच्या अंगणातली बोअर. बोअरचं पाणी हौदात, हौदावर मोटार, मोटारीचा पाइप अंगणात. भिंतीवर स्टार्टर, एक हिरवं बटण, एक लाल. सकाळी सहाला आप्पा त्या स्टार्टरखाली स्टूल टाकून बसत, मांडीवर वही घेत आणि हिरवं बटण दाबत. मोटार 'घुंऽऽऽ' करून लागली की कविता सुरू. कविता संपली की लाल बटण. मध्ये ज्याचं जे भरेल ते त्याचं.

हा काही त्यांचा डाव नव्हता, बरं का. ते सरळ मनाचे होते. मोटार लागली की त्यांना कविता येई आणि कविता संपली की मोटार आठवे, इतकंच. पण पोरं बेरकी. एक कडवं म्हणजे दीड बादली, हा हिशोब त्यांनी पहिल्याच आठवड्यात बसवला होता. आप्पांनी वही मिटायला घेतली की रांगेतून ओरडा, "वा आप्पा, वा! वन्स मोअर! पंख्याची म्हणा, पंख्याची!" ज्या दिवशी कपडे धुवायचे असत त्या दिवशी तर पोरांच्या डोळ्यांत पाणी येई. आप्पा विरघळून जात. "सर," ते मला म्हणत, "पुण्या-मुंबईकडं कवीला इतके श्रोते न्हाईत म्हणं." मी माझी बादली पुढं सरकवून म्हणे, "कुठून असणार?"

आणि खोटं कशाला बोलू, वन्स मोअर मीही ओरडलोय. मला दोन बादल्या लागत.

त्यांची सगळ्यात आवडती कविता मात्र केळ्यावर नव्हती, पंख्यावरही नव्हती. ती नव्या गावातल्या एका फजितीवर होती. काकू ती फजिती त्यांच्यापेक्षा चांगली सांगत. नव्या गावात सगळी घरं एकसारखी, सरळ ओळीत, एकाच मापाची, एकाच रंगाची. जुन्या गावात कुणी डोळे बांधून सोडलं असतं तरी माणूस शेणाच्या वासावरून आपल्या दाराशी गेला असता. इथं चिठ्ठ्या टाकून घरं वाटलेली, कोण कुणाच्या शेजारी याचा पत्ता नाही. आप्पा पहिल्याच आठवड्यात शेतावरून आले, चपला काढल्या, रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले, पाट ओढून बसले. समोर ताट आलं. दोन भाकरी हाणल्या, ठेचा मागून घेतला, "आज मीठ बराबर पडलंय" असं म्हणाले आणि वर बघितलं, तर वाढणारी बाई भलतीच!

ती बिचारी काही बोललीच नव्हती. जेवायला बसलेल्या माणसाला तू कोण म्हणून कसं विचारायचं? ती म्हणाली, "दादा, तुमचं घर मागच्या गल्लीत आसंल. पर आता तिसरी भाकर घ्या अन् मंग जावा."

"अन् गंमत म्हंजे," काकू सांगत, "तिचा नवरा तवर माझ्याकडं जेवून गेल्ता! मी चुलीच्या धुरात, मला वाटलं हेच हायत. त्यानं नावं न ठेवता खाल्लं, तवाच मला शंका याया पाहिजे होती."

त्या दिवसानंतर आप्पांनी आपल्या दारावर गेरूनं एक मोठा दोडका काढला, खूण म्हणून. शेजाऱ्यानं वांगं काढलं. गल्लीभर भाजीबाजार झाला. आणि आप्पांनी 'चुकलेलं घर' नावाची कविता केली, ती तब्बल तेवीस कडव्यांची. ती लागली की आमची पिंपंसुद्धा भरत.

एका दिवाळीनंतर आमच्यातल्या एका पोराचा मामा अमेरिकेहून आला, भाच्याला भेटायला. सकाळी सहाला अंगणात येऊन उभा राहिला, पायात पांढरे बूट, चिखल चुकवत. आप्पांनी त्याला तेवीसच्या तेवीस कडवी ऐकवली. मग मोटार बंद करून विचारलं, "तुम्ही किती लांब?"

"बारा-तेरा हजार किलोमीटर असेल, काका."

"मी तीन." आप्पांनी अगदी बरोबरीच्या नात्यानं मान हलवली. मला हसू आवरेना. मी बादलीत तोंड घातलं.

"घर चुकतं का तिकडं?"

मामा एकदम हसला. "अहो, चुकतं! सगळी घरं सारखीच. पहिल्या वर्षी मी शेजाऱ्याच्या दाराशी अर्धा तास रिमोट दाबत बसलो होतो, आणि माझं दार उघडत का नाही म्हणून कंपनीला शिव्या देत होतो."

"जेवाया घातलं का त्यानं?"

"नाही. पोलीस बोलावले."

"अरारारा." आप्पांना खरंच वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचं जुनं गाव दिसतं का तितून?"

"इतक्या लांबून? नाही, काका."

"माझं दिसतं," आप्पा म्हणाले. "नव्या घराच्या पायरीवर उभं राह्यलं की दिसतं. त्येचाच तर तरास हाय."

मामानं आप्पांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "काका, ही कविता कुठंतरी मोठ्या ठिकाणी म्हणा. लोकांना ऐकू द्या." भलं केलं आणि विमानात बसून गेला. त्याच्या भाच्याच्या दोन्ही बादल्या तोवर भरल्या होत्या, हेही मी बघितलं होतं. पण आप्पांच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच. अमेरिकेनं वाखाणलं म्हणजे आता थांबायचं नाही.

आणि नेमकं नांदेडला कविसंमेलन निघालं, विषय 'स्थलांतर आणि माणूस'. आप्पांनी अर्ज मागवला. अर्जात रकाना होता, कोणत्या देशात वा राज्यात वास्तव्य केले. आप्पांनी लिहिलं, 'नवं गाव'. अंतराच्या जागी 'तीन किलोमीटर, एकेरी'. मी म्हटलं आप्पा, हे घेणार नाहीत. घेतलं! का घेतलं ठाऊक नाही. बहुधा कुणीतरी न वाचताच सही केली. आणि माझ्या नशिबी आलं त्यांना घेऊन जाणं, कारण काकू म्हणाल्या, "सर, तुम्ही संगं जावा. हे घर सुदीक चुकतेत, नांदेडात कुटं शिरतील न्हाई सांगता येत."

काकूंनी धपाटे बांधून दिले. आप्पांनी नवीन धोतर नेसलं. अहमदपूर येईपर्यंत त्यांचं सगळ्या एसटीला सांगून झालं होतं की आपण कशासाठी निघालोय. कंडक्टरनं सुद्धा शुभेच्छा दिल्या.

सभागृह मोठं, खुर्च्या लाल, पंखे आवाज न करणारे. एकेक कवी येत होता. कुणी लंडनचं धुकं, कुणी दुबईचं वाळवंट, कुणी मुंबईतली खोली. सूत्रसंचालक चांगला गुळगुळीत होता. त्यानं आप्पांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "आता येताहेत तीन किलोमीटरचा दीर्घ प्रवास करून आलेले कवी!" लोक हसले. आप्पाही हसले, त्यांना ते कौतुकच वाटलं. माइकसमोर उभे राहिले, वही उघडली, तोंड उघडलं.

आणि काहीच नाही.

मला वाटलं घाबरले. पण ते घाबरलेले दिसत नव्हते, ते कान देऊन काहीतरी ऐकत होते. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग सूत्रसंचालकाला हळूच म्हणाले, पण माइकवरून सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "जरा मोटार चालू करता का?"

"कसली मोटार?"

"पाण्याची. त्येच्याबिगर येत न्हाई मला."

अहो, काय तो हशा! मागची पोरंसोरं खुर्च्या बडवायला लागली. आप्पा तसेच उभे. आणि मग त्यांनी मला शोधलं. चौथ्या रांगेत मी बसलो होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, नुसतं बघितलं. त्यांना काय पाहिजे ते मला लख्ख कळलं होतं. तो आवाज मी दोन वर्षं रोज सकाळी ऐकत होतो. ओठ मिटून मी जरासं 'घुं' केलं असतं तरी त्या माणसाची गाडी सुरू झाली असती.

मी घड्याळात बघितलं. माझ्या शेजारी एक प्राध्यापक बसले होते, ओळखीचे. त्यांना काय वाटेल, असं मला वाटलं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

आप्पांनी वही मिटली, सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली आले.

परतीच्या एसटीत त्यांनी धपाटा खाल्ला, मलाही दिला. लोहा गेल्यावर म्हणाले, "नांदेडला गोदावरी हाय. पाण्याची ददात न्हाई. म्हणून तिकडं कविता लागत नसंल." मी हो म्हटलं. मग बऱ्याच वेळानं, खिडकीतून बाहेर बघत, "सर, पोरं वन्स मोअर म्हणतेत ते पाण्यासाठीच, नव्हं?"

मी फटकळ माणूस. पोरांच्या बापांना तोंडावर सांगतो, तुमच्या पोराला डॉक्टर करू नका, पेशंटचं वाटोळं होईल. पण तेव्हा धपाटा घशात अडकला, असं खोकून दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा हिरवं बटण दाबून आत निघून जाऊ लागले. पोरं आधी खूश! पाणीच पाणी, ऐकायचं काही नाही. पण मोटार बंद कधी करायची हे कुणालाच कळेना. इतकी वर्षं कवितेवर बंद होत होती. अंगणात तळं झालं, मेसचा डबेवाला सहा डब्यांसकट पडला, वरणात पाणी की पाण्यात वरण ते ओळखू येईना. एका पोरानं क्लासच्या वहीत तक्ता करून आणला, किती मिनिटांनी बंद करावी याचा. तो कुणी पाळला नाही. नुसत्या मिनिटांना कोण लक्ष देतो?

आठवड्यानं काकू माझ्या दाराशी आल्या. जिना चढताना त्यांना दम लागे, त्या कधी वर येत नसत. "सर, तेवढं ह्यांना बोलतं करा बरं," त्या म्हणाल्या. "भूकंपात आमची सासू गेली. तवा हे आसेच गप झाले होते. पत्र्याच्या शेडात दीड वरीस, येक शब्द न्हाई. मला वाटलं, ह्यो माणूस बी गेला. मंग नव्या गावात पयल्यांदा बोअरची मोटार लागली, अन् हे तिच्यापाशी जाऊन बसले, अन् बोलाया लागले. काय बी बोलू द्या, केळ्यावर बोलू द्या, न्हाईतर पंख्यावर. पर पुन्यांदा तसं गप झाले तर मला न्हाई सोसायचं."

एवढं बोलून त्या खाली गेल्या. मी आल्यापासून त्या कवितांना हसत होतो. रोज दोन बादल्या भरून हसत होतो.

त्याच रविवारी मोटार जळाली. पाणी संपल्यावरही चालूच राहिली होती, जळणारच. मिस्त्री तिला काढून रिवाइंडिंगला घेऊन गेला. हौदावर नुसते चार बोल्ट उरले आणि भिंतीवर स्टार्टर. आप्पा आपल्या जागी स्टुलावर बसले होते, सवयीनं. वही नव्हती. मी खाली उतरलो. हात मोकळेच होते.

"सर, पाणी न्हाई," ते म्हणाले. "मोटार गेली."

"माहीत आहे. 'चुकलेलं घर' म्हणा."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं, मग पायांजवळ बघितलं, बादली कुठं ठेवलीय म्हणून. बादली नव्हती. म्हणाले, "मोटारीबिगर न्हाई येत, सर. तुम्ही बघितलंच की नांदेडला."

मग मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो, ओठ मिटले आणि नाकातून आवाज काढला. "घुंऽऽऽ."

वर कठड्यावर बारा डोकी आली. मला दिसत होती. ज्यांनी माझ्यासमोर पेन पाडायची हिंमत केली नाही ती पोरं आ वासून बघत होती, की सरांना झालंय काय. कान तापले माझे, पण मी थांबलो नाही. एक श्वास संपला, दुसरा घेतला. "घुंऽऽऽ." तिसऱ्या श्वासाला तो अमेरिकेच्या मामाचा भाचा जिना उतरून आला आणि माझ्या शेजारी उभा राहून घुमायला लागला. मग सगळीच आली. कुणाच्याच हातात बादली नव्हती. तेरा मोटारी लागल्या, लहानमोठ्या हॉर्सपॉवरच्या. काकू दारात आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

आप्पा कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी घसा खाकरला.

पाय धुतले, पाट वढला, बसलो मी जेवाया,
ठेचा तोच, भाकर तीच, वाढी परकी माया.
घर चुकलं, गल्ली चुकली, चुकलं न्हाई ताट,
जो बी यील त्येच्यासाठी मांडून ठिवा पाट.

तेवीस कडवी झाली. पोरांचे चेहरे लाल, माझ्या डोक्यात मुंग्या. पण थांबावं कसं ते कुणालाच कळेना. आप्पांनी आमच्याकडं बघितलं, हात वर नेला आणि भिंतीवरचं लाल बटण दाबलं. आम्ही सगळे एकदम बंद झालो.

पोरं धापा टाकत होती. मग आप्पा म्हणाले, "काल येक नवं कडवं झालंय. नांदेडचं." आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं.